भिंग पाण्यात बुडवलं तेव्हा

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गुजरीजवळ होतं, जेमतेम एक खण. ते गेल्यावर हत्यारांच्या डब्यातून मी दोनच वस्तू ठेवून घेतल्या, एक चिमटा आणि पितळी मुठीचं मोठं भिंग.

रविवारी पुतणी आली. यंदा दहावी, अपवर्तनाचा धडा चाललेला. आकृत्या पाठ, पण मन भरलं नव्हतं. म्हणाली, "काका, काचेत गेल्यावर किरण वाकतो कशाला?"

कोरड्या बादलीत दहाचं नाणं टाकलं. चार बोटं वर तिनं भिंग धरलं, नाणं जवळजवळ दुप्पट दिसलं. "हात हलवू नको," म्हटलं आणि तांब्यानं पाणी ओतायला लागलो. भिंग पुरतं बुडालं आणि नाणं आकसलं. भिंग आहे की साधी काच, कळेना.

"काका, ह्याची पॉवर गेली की!"

बाहेर काढून पुसलं, पॉवर परत हजर. मलाही हे बघताना दर वेळी तितकाच आनंद होतो. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत साधारण 2 लाख. तिरपा शिरताना वेग बदलला की तो वाकतो. हवेतून काचेत येताना वेग एकदम पडतो, पाण्यातून येताना थोडाच. म्हणजे वाकवण्याची ताकद एकट्या काचेची नाही, काच आणि तिच्या भोवती जे आहे त्यांच्यातल्या फरकाची आहे.

आपल्या डोळ्याचंही तेच. प्रकाश वाकवण्याचं दोन तृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाशाचा वेग किती पटीनं घटतो तो आकडा, जवळजवळ पाण्याइतकाच. म्हणून पंचगंगेत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धुरकट. गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि दिसायला लागतं. माशाला तो पडदा कामाचा नाही, म्हणून त्याच्या डोळ्यातलं भिंग अगदी गोल असतं. रश्श्यातल्या माशाच्या डोळ्यात कडक पांढरी गोळी लागते ना, तेच ते. पुतणीनं तोंड वाकडं केलं, पण वहीत लिहून घेतलं.

मला पोहायला बाबांनीच घाटावर शिकवलं. पाण्यातली पायरी वर उचललेली दिसते. वरून सरळ बघितलं तर 4 फूट खोल पाणी 3 फूटच वाटतं. पहिल्या दिवशी मी विश्वासानं पाय टाकला आणि गटांगळी खाल्ली. बाबांनी दंड धरून वर ओढलं. "पायरी डोळ्यानं नगं, पायानं शोध."

संध्याकाळी खिडकीसमोरच्या भिंतीपाशी भिंग धरलं. मागं-पुढं करता करता रस्ता भिंतीवर उतरला, उलटा. वर रस्ता, खाली आभाळ, मधून एक रिक्षा चाकं वर करून गेली. पुतणीनं भिंतीपासून भिंगापर्यंत पट्टी लावली. 18 सेंटीमीटर, हेच त्याचं नाभीय अंतर, म्हणजे लांबून आलेले किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एकत्र येतात ते.

मग तिनंच हिशोब मांडला. काचेचा अपवर्तनांक 1.5 धरला, पाण्याचा 1.33, तर पाण्यात हे अंतर जवळजवळ चौपट व्हायला पाहिजे, सुमारे 70 सेंटीमीटर. आमची बादली तेवढी खोल नाही. गच्चीवर पिंप आहे. पुढच्या रविवारी ऊन डोक्यावर आलं की त्याच्या तळाशी उन्हाचा ठिपका शोधायचा, असं ठरलंय.