तुम्ही विचारलंत म्हणून: कोठार उडालं, की लढाई संपते का?

तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात राहतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला: "काका, टीव्हीवर दारूगोळ्याचं कोठार उडताना दाखवतात. मग लढाई संपलीच ना?" संपत नाही. पण पुढे जे होतं ते समजून घ्यायलाच हवं, कारण बातमी धुरापाशी थांबते.

155 मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण 43 किलोचा. चार्ज (गोळा फेकणारी दारू) आणि फ्यूज (गोळा फोडणारा खटका) वेगळे. पाच टनी ट्रकात नुसते गोळे भरले तरी शंभराच्या थोडे वर. आता समजा, डेपो तोफांपासून तीस किलोमीटरवर आहे. उखडलेला रस्ता, दिवे बंद ठेवून हाकलेली गाडी, मालाची चढउतार, सगळं धरून ट्रक रात्रीत दोन खेपा करतो. डेपो शंभर किलोमीटर मागे गेला, की एक खेपही जेमतेम. ट्रक तेवढेच, ड्रायव्हर तेवढेच (त्यांची झोप मात्र कमी), डिझेल जास्त आणि माल निम्मा. कधी गोळे पोचतात, फ्यूज मागे राहतात. बिनफ्यूजचा गोळा म्हणजे ओझं. मग तोफांना गोळे मोजून मिळतात. पुढचं पायदळ वायरलेसवर मदत मागत असताना हात आखडता घ्यावा लागतो. खरा घाव हा.

जुलै 2022 मध्ये युक्रेनने अमेरिकी हायमार्स रॉकेटांनी सुमारे 80 किलोमीटरच्या टप्प्यातले रशियन डेपो फोडायला घेतले. नोव्हा काखोव्काचं कोठार तेव्हाच गेलं. रशियाची रसद रेल्वेच्या भरवशावर. मालगाडी थांबेल तिथेच मोठाले साठे, आणि बरीचशी चढउतार हातांनी. ते साठे मागे न्यावे लागले, छोटे करून विखरावे लागले. तोफांचा मारा उतरला. पण रशिया सावरला. सप्टेंबर 2024 मध्ये सीमेपासून शेकडो किलोमीटर आत असलेलं रशियातल्या तोरोपेत्सचं कोठार युक्रेनने ड्रोननी पेटवलं. नुसतं मागे सरकून साठा वाचवायचे दिवस गेले, असं मला वाटतं.

आपल्याकडचंही सांगतो. मे 1999 मध्ये पाकिस्तानी तोफांनी कारगिलमधला आपला दारूगोळ्याचा साठा उडवला. 17 जूनला आपल्या मिराज विमानांनी बटालिक भागात मुंथो ढालो इथला घुसखोरांचा रसदतळ उद्ध्वस्त केला. वरच्या शिखरांवरच्या मोर्चांना त्या तळाचा मोठा आधार होता. हा हल्ला नसता तर पुढचं काम किती तरी जड गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी बटालिकची शिखरं हातात यायला जुलै उजाडला. रसद तुटलेला माणूसही उंचावर बसलेला असतो, त्याच्या मशीनगनमध्ये पट्टा शिल्लक असतो. त्याच्याकडे उभ्या कड्यावरून, रात्रीचं, आपल्या पायदळालाच चढावं लागलं. त्या चढणीवर आपली खूप पोरं गेली.