तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात बोलायला सुरुवात कशी करायची?

बदली होऊन आलेले, लग्न करून आलेल्या, शिकायला आलेली मुलं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "इथं पहिलं वाक्य मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये? आणि हल्ली सगळं व्हॉट्सअॅपवर उरकतं, मग घरी जायलाच पाहिजे का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. "नमस्कार" म्हणा आणि क्षणभर थांबा. हा शब्द दोन्हीकडचा आहे. समोरून "नमस्कार, या की" आलं तर मराठी, "नमस्कार्री, बर्री" आलं तर जमेल तेवढं कन्नड. खडेबाजारात किंवा शहापुरात दुकानदार तुमच्या दुसऱ्या वाक्यावरूनच ओळखतो आणि स्वतः भाषा बदलतो. त्यानं बदलली की तुम्ही पुन्हा बदलू नका, नाहीतर दोघं एकमेकांच्या भाषेत अडखळत बसता.

कन्नड मोडकं चालतं, एकेरी चालत नाही. नवख्यांची चूक हमखास इथंच होते. ऐकून ऐकून क्रियापद पाठ होतं, पण ते लहान मुलाला उद्देशून बोललेलं असतं. "बा" म्हणजे ये, "बर्री" म्हणजे या. वयस्क माणसाला "बा" म्हटलं तर तो काही बोलणार नाही, पण मनातून दुखावेल. म्हणून शेवटी "री" लावायची सवय करा: "आराम अदीरी?" म्हणजे बरे आहात ना, "ऊटा आत्री?" म्हणजे जेवण झालं का. हा दुसरा प्रश्न आमंत्रण नसतो. "आत्री, निम्मदु?" म्हणजे झालं, तुमचं? एवढं म्हणून पुढच्या विषयाला जायचं. उलट बाजूनं, कन्नडभाषक शेजारी मराठी बोलताना "चहा झाली" म्हणाला तर सुधारायला जाऊ नका. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, त्यामुळे त्याला ते अंदाजानं लावावं लागतं.

हाक मारायला अण्णा आणि अक्का हे दोन शब्द दोन्ही भाषांत चालतात, त्यामुळे अनोळखी माणसाला तेच बरे. मोठ्या वयाच्या बाईंना काकू म्हणा. शहरात घरकामाच्या बाईंनाही मावशी म्हणायची रीत पडल्यानं, अनोळखी बाईंना तशी हाक मारली तर काही जणींना ती खटकते. नाव आठवत नसेल तर "नाव विसरलो" म्हणण्याआधी "कुठल्या गल्लीत राहता?" असं विचारा. गणपत गल्ली की मारुती गल्ली, अनगोळ की वडगाव, एवढं कळलं की निम्मी ओळख आपोआप लागते. फक्त ग्रुपवर ओळख असलेला माणूस समोर आला, तर आडनाव आणि गल्ली आपणच आधी सांगून टाकावी. प्रोफाइलला देवाचा फोटो असलेल्या माणसाला चेहऱ्यावरून कोण ओळखणार!

समाजासमाजाचे नमस्कार वेगळे आहेत, पण त्याची धास्ती नको. लिंगायत घरात "शरणु शरणार्थी", जैन घरात "जय जिनेंद्र", बौद्ध घरात "जय भीम", वारकऱ्याला "रामकृष्ण हरी". समोरच्यानं जे म्हटलं तेच परत म्हणायचं. मुस्लिम वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकू नका, सलाम करा. निपाणी, चिकोडी, अथणी भागात जैन शेतकरी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यातली अनेक वडीलधारी माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांना रात्री आठला जेवायला बोलावणं म्हणजे त्यांना ताटावर अडचणीत टाकणं. साडेपाचला बोलवा.

घरी गेल्यावर पाणी नाकारू नये. चहाला पहिल्यांदा "नको" म्हणणं ही रीत, दुसऱ्या आग्रहाला "अर्धा कप" म्हणणं हीसुद्धा रीतच. खरंच नको असेल तर कारण लगेच सांगा, कारण चूल पेटल्यावर नको म्हणणं वाईट दिसतं. निघताना बायकांना हळदकुंकू लावतात. विधवा पाहुणी असेल तर अनेक घरांत हात तिथंच अडखळतो. माझं मत स्पष्ट आहे: करंडा सगळ्यांपुढे धरा आणि लावायचं की नाही ते तिला ठरवू द्या. सीमेपलीकडं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो इथून फार लांब नाही.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते फोननं निरोप पोचतो, पण बोलावणं पोचत नाही, आणि सगळ्यात जास्त रुसवे याच फरकातून होतात. लग्नाची तारीख ठरली की महिनाभर आधी प्रत्येकाला वेगळा मेसेज करा: "तारीख धरून ठेवा, पत्रिका घेऊन येतोच." ग्रुपवर टाकलेली पत्रिका कुणीच आपली समजत नाही. मग घरी जा, शक्यतो दोघं मिळून, कारण कुंकू लावायला सोबत बाई लागते. पत्रिका आणि अक्षता घरातल्या थोरल्यांच्या हातात द्या. गोकाक किंवा अथणीला जाणं जमत नसेल तर आधी थोरल्यांशी फोनवर बोला आणि मगच फोटो पाठवा. बऱ्याचदा फोटो मुलाच्या मोबाइलवर जातो, तो अंगठ्याचं चिन्ह टाकून विसरतो, आणि वडील म्हणतात, "आम्हाला बोलावणंच नाही."

इथं लिपीचीही अडचण आहे. उत्तम मराठी बोलणाऱ्या एखाद्या कन्नड आजींना देवनागरी वाचता येत नाही, आणि खानापूरकडच्या एखाद्या मराठी आजोबांना कन्नड अक्षर लागत नाही. अशांना लिहू नका, आवाजाचा मेसेज पाठवा. वीस-तीस सेकंद पुरे: आधी नमस्कार, मग आपलं नाव-गल्ली, मग दिवस, वेळ, ठिकाण, आणि शेवटी दिवस-वेळ पुन्हा एकदा.

दुःखाच्या घरी मात्र फोनचा उपयोग फक्त वेळ विचारण्यापुरता. ग्रुपवर पन्नास वेळा "भावपूर्ण श्रद्धांजली" वाहून निघते आणि त्यातच कुणाचा तरी वाढदिवसाचा केक येऊन पडतो. ग्रुप चालवणाऱ्यानं त्या दिवशी शुभेच्छा थांबवायच्या असतात. जवळच्यांना वेगळं लिहा: "कळलं. कधी येऊ?" "रक्षाविसर्जन कधी?" हा प्रश्न सरसकट विचारू नका. लिंगायतांत बहुतेक दफन करतात, मुस्लिमांतही, तिथं हा प्रश्न विचित्र वाटतो. दारात नमस्कार करायचा नाही, "कसे आहात" म्हणायचं नाही, जाऊन शेजारी बसायचं. बोलायला सुचलं नाही तर गप्प बसलं तरी चालतं. दहा-पंधरा मिनिटांनी उठायचं, आणि एरवी हमखास तोंडात येणारं "येतो" किंवा त्याच अर्थाचं कन्नड "होगि बर्तीन्री" तिथं म्हणायचं नाही.

मिश्र वस्तीच्या ग्रुपवर १ नोव्हेंबरला विशेष जपावं लागतं. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले अनेक मराठी लोक काळा दिवस पाळतात. दोन्ही भावना १९५६ पासूनच्या आहेत. ज्याला जे मांडायचं ते त्यानं स्वतःच्या स्टेटसवर मांडावं. सोसायटीचा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि कचरागाडीसाठी राहू द्यावा, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर त्याच लोकांना मिळून मागवायचा असतो. आणि पुण्याकडच्यांनी हेही ध्यानात ठेवावं की बेळगावची चित्ररथांची शिवजयंती वैशाखात असते. १९ फेब्रुवारीला शुभेच्छा दिल्यात तरी वैशाखात पुन्हा द्या.

दसऱ्याला सोन्याच्या पानाचा फोटो सकाळी कितीही जणांना पाठवा, पण संध्याकाळी निदान शेजारची दोन-तीन घरं तरी करा. मराठी घरात आपट्याची पानं देतात, कन्नड घरात बन्नी म्हणजे शमी. "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणा" असं म्हणून ते पान देतील. सोनं घ्या, सोन्यासारखं राहू या, असाच त्याचा अर्थ आहे. उत्तरादाखल तेच वाक्य म्हणायचं, आपल्याकडचं पान त्यांच्या हातात ठेवायचं, वयानं मोठे असतील तर वाकून. पानं मोजून नेऊ नका, वाटेत माणसं भेटत जातात.