तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस आत असताना आम्ही थांबतो कशाला?

"माणूस आत तडफडतोय आणि तुम्ही पट्टे काय आवळत बसलात?" अग्निशमन दलात तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या, म्हणून निवृत्त झालो, पण हा प्रश्न सुटलेला नाही. पूर्वी वर्दीवर, म्हणजे मदतीची हाक आली की जायचो तिथे, विचारायचे, आता लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणाऱ्याचा राग खरा असतो, म्हणून नीट सांगतो.

सेप्टिक टँकचंच घ्या. आत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण हा वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला, आता धोका नाही असं समजून माणूस उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. वरून धाकटा भाऊ बघतो, तो उतरतो. मग शेजारी. 'टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू' ही बातमी तुम्ही वाचलेली असते. त्यात बहुतेकदा एक जण कामासाठी उतरलेला असतो, बाकीचे त्याला काढायला.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मीही असाच निघालो होतो. खाली एक पोरगा उताणा दिसत होता. शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो असेन, तोच आमच्या तांडेलनी कॉलर धरून मला वर ओढलं. मग गॅस डिटेक्टर दोरीनं खाली सोडला. डिटेक्टर धोक्याच्या इशाऱ्यानं किंचाळायला लागला तेव्हा माझे पाय लटपटले.

तुम्हाला 'वेळकाढूपणा' दिसतो त्या मिनिटांत हेच चाललेलं असतं. आत ऑक्सिजन किती, स्फोटक वायू आहे का, विषारी वायू किती, हे मोजायचं. ब्लोअरनं ताजी हवा सोडायची. माणसाला दोरानं खाली-वर करायला तोंडाशी ट्रायपॉड, म्हणजे तिपाई, उभा करायचा. उतरणाऱ्याच्या पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेचं नळकांडं आणि मुखवटा, अंगात दोर अडकवायचे पट्टे, म्हणजे हार्नेस, आणि तसाच सज्ज दुसरा माणूस वर. नळकांड्यातली हवा जेमतेम अर्धा तास पुरते, अंगमेहनतीत त्याहून कमी. मुखवटा एका बोटानं जरी सैल राहिला तरी सगळं फुकट.

रसायनाच्या गळतीत लोक ओरडतात, "पाणी मारा!" अमोनियाच्या ढगावर फवारा मारतोच आम्ही, कारण पाणी अमोनिया शोषून घेतं. पण क्लोरीनच्या गळक्या टनरवर, म्हणजे टनभर क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरवर, पाणी मारलं तर आम्ल तयार होऊन भोक आणखी मोठं होतं. तिथे जमलं तर टनर फिरवून भोक वरच्या बाजूला आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो, यावरून काय ते समजा. प्रत्येक रसायनाची तऱ्हा अशी वेगळी, म्हणून आधी वारा पाठीशी घेऊन, लांबून दुर्बिणीनं टँकरवरच्या नारिंगी पाटीवरचा आकडा वाचायचा. 1005 म्हणजे अमोनिया, 1017 म्हणजे क्लोरीन.

पोटात काय भरलंय हे न कळण्याची किंमत आमच्या खात्यानं मोजलेली आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठींबरोबर त्यात सुमारे 1400 टन स्फोटकं होती. विझवायला गेलेले 66 जवान परतले नाहीत.

तो पोरगा आम्ही काढला तेव्हा गेलेला होता. त्याची आई माझ्याकडे बघून हाच प्रश्न विचारत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे तांडेल झाल्यावर प्रत्येक वर्दीला एक माणूस नुसता नातेवाइकांपाशी उभा करायचो. आता डिटेक्टर सोडलाय, आता सेट तपासतायत, आता उतरला, एवढंच तो त्यांना सांगत राहायचा.