स्नोमोबाइलचे गंजलेले बोल्ट सोडवताना

एप्रिलमध्ये बर्फ ओसरला, की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची वाहने, शेडमध्ये जातात आणि बहुतेक जण नोव्हेंबरपर्यंत त्यांच्याकडे वळून पाहत नाहीत. ज्यांचे यंत्र जुने आहे, त्यांनी मात्र हेच महिने दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते, कारण स्टिअरिंग आणि सस्पेन्शनमधला जाम झालेला बोल्ट ताकदीपेक्षा सवडीने सुटतो, आणि हंगाम तोंडावर आला की ती सवड कोणाकडेच उरत नाही.

मागचे सस्पेन्शन म्हणजे ट्रॅकच्या, म्हणजे यंत्राला पुढे ढकलणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या, आत बसवलेली धक्के झेलणारी एक चौकट असते. तिच्यातले रेल, आडवे शाफ्ट, स्प्रिंगा, शॉक (धक्के शोषणारे दांडे) आणि पट्ट्याला आधार देणारी आयडलर चाके यांच्यामध्ये बर्फ घट्ट भरून बसतो, शेडमध्ये आल्यावर तो वितळतो आणि ते पाणी बुश (शाफ्ट किंवा बोल्ट ज्यातून जातो ती नळी) आणि शाफ्ट यांच्यामधल्या बारीक फटीत मुरते. ट्रेलरवरून यंत्र नेताना रस्त्यावर पसरलेल्या मिठाचे पाणी त्यात भर घालते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ज्या फटीत बोल्ट सहज सरकत होता तीच फट त्याला आवळून धरते. त्यातही पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागात बसवलेला असेल, तर खाऱ्या पाण्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये गच्च बसते. कोकणात मासेमारी होड्यांची बाहेरून बसवायची इंजिने ज्यांनी उघडली आहेत, त्यांना ही पांढरी भुकटी नव्याने सांगायला नको.

पाना लावण्याआधी तो बोल्ट कशाकशातून जातो आणि शेवटी कशात अडकतो, हे नीट समजून घ्यावे. उत्पादकांचे सुट्या भागांचे नकाशे जुन्या मॉडेलांसाठीही बहुधा मिळतात, आणि त्यात घालवलेला अर्धा तास कधीच वाया जात नाही. उदाहरणार्थ, सस्पेन्शनचा आडवा शाफ्ट पुष्कळ यंत्रांत दोन्ही बाजूंनी एकेका बोल्टने धरलेला असतो. एका बाजूचा बोल्ट काढून टाकला, की दुसऱ्या बाजूला पाना फिरवताना सगळा शाफ्टच फिरू लागतो. म्हणून पहिला बोल्ट सुटल्यावर तो बाहेर न काढता पुन्हा पक्का आवळावा आणि मग दुसऱ्याला हात घालावा. तरीही शाफ्ट फिरलाच, तर बुश जिथे फिरत नाही अशा जागी तो लॉकिंग पकडीने धरावा.

तेल घालण्यापूर्वी दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यावरच राहते. त्यासाठी गंजात शिरणारे तेलच वापरावे. आपल्या सर्वांच्या घरी असणारे डब्ल्यूडी-४० १९५३ साली तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम बोल्टवर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तेल घालावे, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, रात्रभर थांबावे आणि हेच पुन्हा करावे. सॉकेट सहा कोनांचेच घ्यावे, कारण बारा कोनांचे सॉकेट गंजलेल्या डोक्याचे कोपरे पाहता पाहता गोल करून टाकते. पहिला झटका सोडवण्याच्या नव्हे, तर किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावा, आणि बोल्ट हलू लागला की मागे-पुढे करत, मध्येच तेल घालत, थोडा थोडा बाहेर आणावा.

एवढ्यावर भागले नाही, तर उष्णता द्यावी. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बोल्टऐवजी त्याच्या भोवतीचा अॅल्युमिनियमचा भाग तापवावा. मात्र अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही आणि ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा ज्योत सतत हलती ठेवावी. लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव, लावलेला बोल्टही साधारण २५० अंशांच्या आसपास तापवल्यावरच सैल पडतो. हे काम सस्पेन्शन यंत्रातून बाहेर काढून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर आणि उघड्यावर करावे. वायू भरलेल्या शॉकजवळ ज्योत कधीही नेऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तर मुळीच तापवू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ही खबरदारी मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

स्टिअरिंगच्या टाय रॉडला, म्हणजे हँडलची हालचाल स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याला, हात लावण्याआधी त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी, कारण स्की समांतर राहणे त्या लांबीवरच अवलंबून असते. त्याच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, आणि ते लक्षात न घेता जोर लावणारा माणूस नट सोडवत नसून आवळत असतो. स्पिंडलवरचा (स्की वळवणाऱ्या उभ्या दांड्यावरचा) स्टिअरिंग आर्म काढण्यापूर्वी दोन्हींवर एक सरळ खूण करावी. त्याचा आवळणारा बोल्ट अनेक यंत्रांत स्पिंडलच्या खाचेतून जातो, म्हणून तो नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढल्याशिवाय आर्मवर हातोडी चालवू नये.

बोल्ट तुटलाच आणि थोडा वर उरला असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, कारण पकड आणि उष्णता दोन्ही एकदम मिळतात. पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असेल, तर मधोमध पंच मारून उलट्या दिशेच्या ड्रिलने भोक पाडावे. पुष्कळदा ड्रिल करतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे भोकात रुतवून तुटलेला तुकडा फिरवून काढायचे हत्यार, मी शेवटपर्यंत टाळतो, कारण तो अतिशय कठीण पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. बोल्ट बुशच्या नळीतच गंजून एकजीव झाला असेल, तर त्याच्याशी झुंजत बसू नये. ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत करवतीचे पाते घालून तो दोन्हीकडून कापावा. बोल्ट आणि बुश नवे मिळतात, वाकलेला आर्म किंवा फाटलेला टनेल (ट्रॅकवरचा पत्र्याचा सांगाडा) सहज दुरुस्त होत नाही.

नवा बोल्ट घेताना डोक्यावरच्या खुणा जुन्याशी ताडून पाहाव्यात. या खुणा बोल्टची ताकद सांगतात; १०.९ च्या जागी ८.८ किंवा सहा रेघांच्या जागी तीन रेघांचा, म्हणजे कमी ताकदीचा, बोल्ट स्टिअरिंगमध्ये बसवणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळणे आहे. नायलॉनचे कडे असलेले, आपोआप सैल न होणारे लॉक नट पुन्हा वापरू नयेत. बोल्टच्या दांड्याला जिथे बुशच्या नळीतून जायचे आहे तिथे, आणि अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या आट्यांवर, अँटी-सीझचा, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा, पातळ थर द्यावा; आट्यांवर तो लावल्यास घर्षण कमी होते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याच्या जोराचे माप) तसाच्या तसा वापरू नये. सर्व जोडून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून काही अडत नाही ना हे पाहावे, टाय रॉडची लिहून ठेवलेली लांबी पडताळावी आणि पहिल्या फेरीनंतर प्रत्येक नटावर पुन्हा एकदा पाना लावावा.