आमची वाटचाल : रूपांतराच्या आधीचं काम

आज आम्ही मराठी पुस्तकांचं ई-पुस्तकांत रूपांतर करतो, पण आमची सुरुवात अक्षरजुळणीपासून झाली. लेखकाचं मॅटर यायचं, आम्ही ते टाइप करायचो, पानं लावायचो, प्रूफं काढायचो आणि छपाईला फाइल द्यायचो. पान कसं दिसतंय यातच सगळा जीव असायचा. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द उरला तर अक्षरांमधलं अंतर किंचित आवळायचं. प्रकरणाचं नाव पानाच्या मध्याशी यावं म्हणून वर सात-आठ एंटर मारायचे. पहिली ओळ आत सरकवायला पाच स्पेस द्यायच्या. छपाईत हे सगळं खपून जातं, कारण वाचकाच्या हातात फक्त कागद जातो, त्यामागचे एंटर आणि स्पेस जात नाहीत.

ई-पुस्तकात मात्र ते सगळे जातात. हे आम्हाला पहिल्याच कामात कळलं.

ते काम एका कादंबरीचं होतं. छापील आवृत्ती आम्हीच केली होती. लेखिकाबाईंनी विचारलं, ‘फाइल तर तुमच्याकडेच आहे, तिचंच ई-पुस्तक करून द्याल ना?’ आम्ही लगेच हो म्हणालो. सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली, दहा मिनिटांत ई-पुस्तक तयार. आमच्या मोठ्या स्क्रीनवर ते बरं दिसलं आणि आम्ही ते पाठवून दिलं. दोन दिवसांनी बाई स्वतः फोन घेऊन आल्या. त्या अक्षरं मोठी करून वाचतात. त्यांच्या फोनवर प्रकरणाच्या आधी एक अख्खा कोरा स्क्रीन येत होता. वाक्याच्या मध्येच ‘४७’ असा आकडा आणि त्याला लागून कादंबरीचं नाव, म्हणजे छापील पानावरचा मथळा मजकुरात मिसळला होता. कादंबरीत एक लांब पत्र आहे, त्याची प्रत्येक ओळ आम्ही एंटर मारून तोडली होती. ती आता एक लांब, एक दोन शब्दांची, अशी फाटत गेली होती. बाई बराच वेळ स्क्रीन सरकवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पुस्तक माझंच आहे, पण वाचवत नाही हो.’

ती फाइल आम्ही परत घेतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. तेव्हापासून रूपांतराच्या आधी संहिता नीट करणं हेच आमचं मुख्य काम झालं. रूपांतर आजही काही मिनिटांतच होतं, आधीच्या कामाला मात्र आठवडे लागतात.

ई-पुस्तक ज्या प्रकारच्या फाइलीत असतं ती ईपब फाइल म्हणजे आतून काय असतं, हे त्या वेळी आम्ही ती उघडून पाहिलं. ती खरं तर एक झिप फाइल असते. आत प्रकरणागणिक एक्सएचटीएमएलच्या फाइली, दिसण्याचे नियम सांगणारी सीएसएसची फाइल, चित्रं, अनुक्रमणिका आणि कुठली फाइल कुठल्या क्रमाने वाचायची याची यादी. वेबसाइट ज्या मातीची, त्याच मातीचं ई-पुस्तक. ईपब हे नाव २००७ साली आलं, ईपब ३ हे २०११ मध्ये, आणि २०१७ पासून वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी हीच संस्था तेही पाहते. या रचनेत पान नावाची वस्तूच नाही. मजकूर वाचकाच्या स्क्रीनप्रमाणे वाहतो. अक्षर केवढं, ओळ किती लांब, पार्श्वभूमी पांढरी की काळी, हे वाचक ठरवतो. आपण फक्त सांगू शकतो की हे प्रकरणाचं नाव आहे, हा परिच्छेद आहे, हे अवतरण आहे, ही कवितेची ओळ आहे.

अक्षरजुळणी करणाऱ्याला हे पचायला जड जातं, कारण वर्षानुवर्षं आपण वस्तू कशी दिसते तेच सांगत आलेलो असतो. प्रकरणाचं नाव ठळक, मोठं, मध्यावर केलं की डोळ्यांना ते शीर्षक वाटतं. पण फाइलच्या लेखी तो नुसता ठळक परिच्छेद असतो. वर्डमध्ये त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली की मगच अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि वाचक बोट लावून थेट त्या प्रकरणात जातो. स्टाइलचा उपयोग म्हणजे सुबकपणा, असं आम्हालाही वाटायचं. ते चूक होतं.

आता कुठलीही फाइल आली की आम्ही पहिल्यांदा वर्डमधलं उलट्या ‘पी’सारखं चिन्ह असलेलं बटण दाबतो. लगेच सगळ्या लपलेल्या खुणा दिसायला लागतात. शब्दांमधल्या स्पेसचे ठिपके, टॅबचे बाण, एंटरच्या खुणा. कधी अर्धं पान नुसत्या एंटरच्या खुणांनी भरलेलं असतं. कधी परिच्छेद संपताना एंटरऐवजी शिफ्ट-एंटर दिलेला असतो, म्हणजे दिसायला दहा परिच्छेद आणि फाइलच्या लेखी एकच. या खुणा पाच मिनिटं पाहिल्या की टाइप करणाऱ्याची सगळी सवय कळते आणि कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज येतो.

मराठीचं म्हणून जे काम आहे ते याच्यापुढचं, आणि आमचा सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

जुन्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या आणि युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली होती. फॉन्ट काढला की उरते ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी. तिचं युनिकोड करायला कन्व्हर्टर मिळतात, पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर जोडाक्षरात चुकला की ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं आणि ‘वर्ष’चं ‘वषर्’. अशा चुका निदान डोळ्यांना खुपतात, म्हणून सापडतात.

काही मात्र खुपत नाहीत. ‘दुःख’ या शब्दात विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेला असतो. वाचताना फरक जाणवत नाही, पण वाचकाने ‘दुःख’ शोधलं तर तो शब्द सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला असतो. दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या सेवेवर, मराठी पुस्तकांची सोय झाली. त्यानंतर आमच्याकडे जुन्या फाइलींचा ओघ लागला आणि अशा खुणांची आमची यादी वाढत गेली.

त्याच काळात आमच्या हातून एक चूक झाली. ती मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

डोंगरातल्या भटकंतीचं पुस्तक होतं. मजकूर ठिकठिकाणहून कॉपी केलेला असल्यामुळे फाइलमध्ये न दिसणाऱ्या खुणा खूप होत्या, त्यामुळे शोध नीट चालत नव्हता. मी एका फटक्यात सगळ्या अदृश्य खुणा काढून टाकल्या. त्यात जोडणारी शून्य-रुंदीची खूणही गेली, म्हणजे स्वतः जागा न घेता अक्षराचं रूप ठरवणारी खूण. आता ‘ऱ्या’मधला तो आडवा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण. दुसरी, साधा र, हलन्त आणि ती अदृश्य खूण. युनिकोडच्या नियमांत पहिली तऱ्हा मुख्य आहे, दुसरी जुन्या मजकुराशी जुळवून घेण्यासाठी ठेवली आहे. या लेखकाने सगळं पुस्तक दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं होतं. खूण गेली आणि प्रत्येक आडव्या र चा रफार झाला.

‘दुसर्या’, ‘पायर्या’ असे शब्द तपासणीत लगेच सापडले, तेवढे आम्ही दुरुस्त केले आणि निर्धास्त झालो. पण ‘खोल दऱ्या’ होत्या तिथे ‘खोल दर्या’ झाला होता. ‘दर्या’ हाही मराठी शब्दच, म्हणून शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने हरकत घेतली नाही. वाक्य वाचूनही कुठे अडखळायला होत नव्हतं. तसंच मुक्कामाच्या प्रकरणात ‘आचाऱ्याला उठवलं’चं ‘आचार्याला उठवलं’ झालं. पुस्तक वाचकांपर्यंत गेलं. लेखकांना एका वाचकाने विचारलं, डोंगराच्या पुस्तकात समुद्र कसा आला? लेखकांचा मला फोन आला. आवाज चढला नव्हता, पण ते म्हणाले, ‘ही जागा मी चार वेळा लिहून काढली होती.’ त्याला उत्तर नव्हतं. आम्ही मूळ फाइल आणि आमची फाइल शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहिला, सुधारलेली आवृत्ती चढवली आणि त्या कामाचं काही घेतलं नाही.

तेव्हापासून दोन नियम आहेत. आलेली मूळ फाइल कधीही उघडून बदलायची नाही, तिची प्रत करूनच काम करायचं. आणि सगळीकडे एकदम बदल करण्याआधी काय काय बदलणार आहे त्याची यादी काढून ती माणसाने वाचायची. आडवा र आधी पहिल्या तऱ्हेत आणायचा, मगच अदृश्य खुणांना हात लावायचा.

बाकीचं थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंनी सरळ केलेला मजकूर आम्ही बंद केला. मराठीतले लांब शब्द बहुतेक यंत्रांवर तुटत नाहीत, म्हणून छोट्या स्क्रीनवर ओळीत मोठी भगदाडं पडतात. अक्षराला मुद्दाम दिलेला काळा रंग काढून टाकतो, नाहीतर रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर दिसेनासा होतो. पुस्तकाची भाषा मराठी आहे अशी खूण फाइलमध्ये आठवणीने घालतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात ते त्या खुणेमुळे. फॉन्ट पुस्तकात घालायचा तर त्याचा परवाना आधी वाचतो. शेवटी ईपबचेक या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढतो. ते रचनेतले दोष दाखवतं, अर्थातले दाखवत नाही.

तळटीपांबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. कितीतरी संहितांमध्ये तळटीपेचा आकडा हाताने टाइप करून वर उचललेला असतो आणि टीप पानाच्या तळाशी मोजून-मापून बसवलेली असते. पानच नाहीसं झालं की ती टीप पुढच्या परिच्छेदात घुसते. वर्डची स्वतःची तळटीप वापरली तर आकड्यावर बोट लावताच टीप उघडते आणि परत मजकुरात येता येतं. हाताने केलेल्या टीपा आम्ही एकेक करून खऱ्या तळटीपा करतो. दिवसाला शंभराच्या वर केल्या तर चुका व्हायला लागतात, म्हणून तिथे थांबतो.

एकदा एका दृष्टिहीन वाचकांचा निरोप आला. ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पुस्तक ऐकतात. आम्ही केलेल्या एका पुस्तकात त्यांना शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत हवं ते प्रकरण गाठता आलं आणि चित्रांच्या जागी चित्रात काय आहे ते ऐकू आलं. चित्रांची ती वर्णनं आमच्या प्रूफरीडर ताईंनी लेखकाला विचारून लिहिली होती. तोवर आम्ही वर्णनं वेळ असेल तर लिहायचो. आता ती नसतील तर फाइल पुढे जात नाही.

लेखकांना आम्ही आता काम घेण्याआधीच एक प्रकरण मागतो. ते पूर्ण करून त्यांच्याच फोनवर पाठवतो आणि सांगतो, अक्षरं लहान करून बघा, मोठी करून बघा, रात्री दिवा मालवून बघा. काय खटकलं ते ऐकल्यावरच बाकीच्या पुस्तकाला हात लावतो.

सध्या टेबलावर एका संशोधनग्रंथाची शब्दसूची आहे. छापील पुस्तकात प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक आहेत आणि ई-पुस्तकात त्यांना काही अर्थ नाही. सूची काढून टाका, वाचक शोधून घेतील, असं एक मत होतं. मला ते पटलं नाही. शोध दिला तर शब्द जिथे जिथे आहे ती सगळी ठिकाणं समोर येतात, सूचीत लेखकाने निवडलेली ठिकाणं असतात. म्हणून प्रत्येक पृष्ठांकाची मजकुरातली नेमकी जागा शोधून तिथे दुवा जोडतो आहोत. ताई छापील प्रत घेऊन पान सांगतात, मी फाइलमध्ये जागा शोधून खूण करतो. आज ‘द’पर्यंत पोचलो आहोत.