हेलिओस आणि धूसर सिंहगड

जुन्या बाजारातून घेतलेली हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत बनावटीची ५८ मिमी, एफ/२ लेन्स आज प्रथमच माझ्या सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसली. एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्यांच्या लेन्सला ई-माउंटशी, म्हणजे सोनी कॅमेऱ्याच्या लेन्स बसवायच्या तोंडाशी, जोडणारे अ‍ॅडॉप्टर म्हणजे काच नसलेले धातूचे साधे कडे. परंतु लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते आणि कॅमेऱ्यात १८ मिमीच मिळते, म्हणून उरलेले सुमारे साडेसत्तावीस मिमी त्या कड्याने अचूक भरून काढावे लागतात. माझे स्वस्तातले कडे किंचित जाड असावे, कारण गच्चीवरून सिंहगडावरचा मनोरा काही केल्या स्पष्ट होईना. अखेर फोकस-रिंगचे बारीक स्क्रू सैल करून अनंताची खूण (जिथे खूप दूरच्या वस्तू स्पष्ट दिसतात ती) नव्याने जुळवली. (त्यातला एक स्क्रू घरंगळला, तो शोधण्यातच तास गेला.)

संध्याकाळी कुंडीतल्या जास्वंदीचे छायाचित्र लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडे ठेवून घेतले, तेव्हा मागची पाने भोवऱ्यासारखी गोल फिरल्याचा भास झाला. माझा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या ३५ मिमी चौकटीपेक्षा लहान, आकाराचा असल्याने कडा कापल्या जातात आणि ही गंमत थोडी कमीच दिसते, तरी दहापैकी तीन छायाचित्रे नेमक्या फोकसमध्ये आली, हे मला पुरेसे वाटले.