तीन मिनिटं पन्नास सेकंद

शनिवारी, १ जून २०२४ ला भारतीय वेळेनुसार रात्री पावणेदहानंतर अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरल या उड्डाणतळावरचं उलट मोजणीचं घड्याळ ३:५० वर थांबलं. चार मिनिटांवरचा ठरलेला थांबा संपून जेमतेम दहा सेकंद झाली होती. अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर रॉकेटच्या टोकावरच्या स्टारलायनर यानात पट्टे बांधून बसलेले.

कुणी बटण दाबलं नव्हतं. संगणकानेच ‘होल्ड’ दिला, म्हणजे मोजणी थांबवली.

शेवटची मिनिटं जमिनीवरचे तीन संगणक सांभाळतात. रॉकेटला धरून ठेवणारे बोल्ट सोडणं, नळ्या-केबल्स वेगळ्या करणं ही कामं त्यांचीच. तिघेही ठणठणीत असल्याशिवाय मोजणी पुढे सरकत नाही. दोन वेळेत जागे झाले, तिसरा आला पण उशिरा. दोष निघाला वीजपुरवठ्याच्या एका भागात. तो संच बदलला.

काही सेकंदांचाच तर उशीर, मग थोडं थांबून का नाही सोडलं? कारण अंतराळ स्थानक गाठायचं तर उड्डाणाचा ठरावीक क्षणच मिळतो. ४०० किलोमीटर वर ते स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावत असतं. क्षण हुकला की दिवस गेला.

६ मेलाही उड्डाण असंच रद्द झालं होतं. तेव्हा रॉकेटच्या सेंटॉर या वरच्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीची दाब सांभाळणारी झडप फडफडत होती. सेकंदाला सुमारे ४० वेळा उघडझाप! अख्खं रॉकेट मागे नेऊन ती बदलावी लागली.

मला सारखी आठवतेय ती यानाचं झाकण पुन्हा उघडणारी माणसं. इतकी तयारी करून, तितक्याच शांतपणे दोघांना बाहेर काढत होती.

शेवटी ५ जून २०२४ ला, भारतीय वेळेनुसार रात्री ८:२२ ला, ते उडालं. कोण कोण पाहत होतं?